सीमेपलीकडचे साथी

दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन तारखांना दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकच काम होते. आपल्या तुरुंगात असलेल्या पाकिस्तानी कैद्यांची यादी भारत पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयाला देतो आणि पाकिस्तान त्यांच्या तुरुंगातल्या भारतीयांची यादी आपल्याला देतो. २००८ सालच्या कराराने ही पद्धत ठरली. १ जुलै २०२५ रोजीही याद्या दिल्या-घेतल्या गेल्या, तेव्हा दोन देशांतली लढाई थांबून दोन महिनेही झाले नव्हते. भारताच्या यादीत ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार होते. पाकिस्तानच्या यादीत ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार होते.

करारावर सह्या सरकारांनी केल्या. पण या कैद्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे दोन्ही देशांत चव्हाट्यावर मांडणारी माणसे वेगळी होती. कुणी कामगार संघटनेचे, कुणी डाव्या विचारांचे पत्रकार, कुणी गांधीवादी, कुणी निवृत्त फौजी. त्यांच्यापैकी बरेचजण आता या जगात नाहीत. त्यांनी काय केले आणि त्याचा आपल्या ठाणे-कल्याणशी काय संबंध, हे वाचकांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

कल्याण आणि कराची

मी कल्याणच्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. फाळणीचा विषय निघाला की मुले मला विचारतात, "टीचर, आपल्याकडचे लोक तिकडे का गेले?" मी त्यांना आधी उल्हासनगर दाखवते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली होती. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच बराकींमध्ये आसरा मिळाला. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले, तरी जुनी माणसे अजून 'कॅम्प'च म्हणतात. तिथल्या आजी-आजोबांचे कराची, हैदराबाद, शिकारपूर सुटले. त्याच दिवसांत इकडून काही मुस्लिम कुटुंबे कराचीला गेली. कुणाची फूफी गेली, कुणाचे चुलतआजोबा गेले. एकाच गाडीच्या दोन दिशा होत्या म्हणा ना!

१ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. ठाण्याचा कलेक्टर आणि कराचीचा कलेक्टर एकाच गव्हर्नरच्या हाताखाली काम करत. कराचीत आजही एन. जे. व्ही. नावाची शाळा आहे. १८५५ साली सुरू झालेली ही सिंधमधली पहिली सरकारी शाळा. एन. जे. व्ही. म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. सिंधच्या शिक्षण खात्यात काम केलेल्या या मराठी माणसाचे नाव पाकिस्तानच्या सर्वांत मोठ्या शहरातल्या शाळेवर अजून टिकून आहे.

नाती अशी, आणि भेटणे मात्र महाकठीण. १९९४ मध्ये मुंबईतली पाकिस्तानची वकिलात आणि कराचीतली भारताची वकिलात, दोन्ही बंद झाल्या. तेव्हापासून कल्याणच्या माणसाला कराचीतल्या बहिणीच्या मय्यतीला जायचे तरी व्हिसासाठी दिल्ली गाठावी लागे. व्हिसा मिळाला तर तो देशाचा नसतो, ठरावीक शहरांचा असतो. पोहोचल्यावर पोलिसांत हजेरी आणि निघताना पुन्हा हजेरी. हे ज्यांनी सोसले आहे त्यांना सांगायची गरज नाही.

१९९४ : लोकांनी लोकांशी बोलायचे ठरवले

ज्या वर्षी वकिलातींना कुलपे लागली, त्याच वर्षी एक दार उघडले. काश्मीर पेटलेले होते. मुंबईच्या दंगली आणि बॉम्बस्फोट होऊन दीडच वर्ष झाले होते. अशा वेळी सप्टेंबर १९९४ मध्ये दोन्ही देशांतली काही माणसे लाहोरला एकत्र बसली. त्यातून 'पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमॉक्रसी' ही संघटना उभी राहिली. फेब्रुवारी १९९५ मध्ये दिल्लीत तिचे पहिले संयुक्त अधिवेशन झाले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. युद्ध आणि युद्धज्वर दोन्ही बंद व्हावेत. दोन्ही देशांनी शस्त्रे कमी करावीत आणि अण्वस्त्रे नकोत. काश्मीर हा जमिनीच्या तुकड्याचा वाद नव्हे. तिथल्या लोकांना सोबत घेऊन लोकशाही मार्गानेच तो सुटेल. आणि धर्माच्या नावाने चालणारी असहिष्णुता दोन्हीकडे रोखली पाहिजे. शेवटचा मुद्दा आपण विशेष ध्यानात ठेवावा. लाहोरचा कार्यकर्ता तिथल्या हिंदू, ख्रिस्ती आणि अहमदी लोकांसाठी बोलायचा आणि मुंबईचा कार्यकर्ता इथल्या मुसलमानांसाठी. प्रत्येकजण आपल्या घरातला कचरा आधी काढायचा.

या फोरममध्ये सगळेच डावे नव्हते, पण कणा डाव्या चळवळीचा होता. त्यामागचा हिशेब साधा आहे. रणगाड्यावर खर्च होणारा पैसा शाळेतून आणि दवाखान्यातून जातो. सीमेवर मरतो तो दोन्हीकडे शेतकऱ्या-कामकऱ्याचाच मुलगा. म्हणून कराचीच्या गोदी कामगाराचे भांडण मुंबईच्या गिरणी कामगाराशी असू शकत नाही. मे १९९८ मध्ये आधी भारताने पोखरणला आणि मग पाकिस्तानने चागईला अणुस्फोट केले, दोन्हीकडे मिठाया वाटल्या गेल्या. त्यानंतर सहा महिन्यांत, नोव्हेंबर १९९८ मध्ये, फोरमचे अधिवेशन थेट पेशावरला झाले. जानेवारी २००४ मध्ये मुंबईत गोरेगावला वर्ल्ड सोशल फोरम भरला. जगभरातल्या डाव्या आणि जनआंदोलनांच्या त्या मेळ्याला पाकिस्तानातून शेकडो माणसे आली होती. मार्च २००६ मध्ये तोच मेळा कराचीत भरला.

अलिबागचे ॲडमिरल आणि लाहोरचे पत्रकार

ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास हे १९९० ते १९९३ या काळात भारताचे नौदलप्रमुख होते. १९७१ च्या युद्धात त्यांनी 'बियास' या युद्धनौकेचे नेतृत्व केले आणि वीरचक्र मिळवले. त्यांच्या देशभक्तीवर बोट ठेवण्याची कुणाची हिंमत होणार? निवृत्तीनंतर ते अलिबागजवळच्या भाईमळा गावात शेती करू लागले आणि उरलेले आयुष्य त्यांनी अण्वस्त्रविरोधाला आणि भारत-पाक दोस्तीला दिले. त्यांचे एक जावईही पाकिस्तानचे. मार्च २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

लाहोरचे आय. ए. रहमान डाव्या विचारांचे पत्रकार होते. 'पाकिस्तान टाइम्स'चे संपादक राहिले आणि पुढे पाकिस्तानच्या मानवी हक्क आयोगाचे काम पाहिले. जनरल झियांच्या राजवटीत त्यांनी तुरुंगही पाहिला. २००४ मध्ये या दोघांना शांततेसाठी मिळून मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. एक माणूस ज्या देशाविरुद्ध लढला, त्याच देशातल्या माणसासोबत त्याने हा सन्मान घेतला. रहमान साहेब एप्रिल २०२१ मध्ये वारले.

आपल्या नागपूरच्या निर्मला देशपांडे यांचेही नाव घेतले पाहिजे. मराठी लेखक पु. य. देशपांडे यांच्या त्या कन्या. विनोबांसोबत भूदान यात्रेत पायी फिरल्या, राज्यसभेत गेल्या आणि अखेरपर्यंत पाकिस्तानशी बोलत राहिल्या. त्या डाव्या नव्हत्या, गांधीवादी होत्या, पण या कामात त्यांनी पंगत वेगळी मांडली नाही. २००८ मध्ये त्या गेल्या. पाकिस्तानने मरणोत्तर त्यांना 'सितारा-ए-इम्तियाज' दिला.

बी. एम. कुट्टी यांची कहाणी आणखी निराळी. केरळच्या तिरूरकडचे हे मलयाळी मुसलमान १९४९ मध्ये कराचीला गेले. तिथे कामगार संघटनेत आणि डाव्या राजकारणात उतरले. त्यांनाही तुरुंगवास घडला. शेवटपर्यंत पाकिस्तान पीस कोअलिशनचे काम केले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कराचीत डोळे मिटले. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच साठ वर्षांच्या स्वेच्छेच्या वनवासाचा उल्लेख आहे आणि त्याचा पस्तावा नाही असेही म्हटले आहे.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. सीमेपलीकडचे हे साथी त्यांच्या सरकारचे हस्तक नव्हते. त्यांच्याच लष्करशहांनी त्यांना कोठडीत टाकले होते. इकडच्यांना 'पाकधार्जिणे' म्हटले गेले आणि तिकडच्यांना 'भारताचे एजंट'. दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस बहुधा खरे बोलत असतो!

डहाणूचे खलाशी

आता त्या याद्यांकडे वळू. पाकिस्तानच्या यादीत जे मच्छीमार असतात त्यातले पुष्कळसे गुजरातचे आणि दीवचे असतात. पण त्यात आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातली, म्हणजे २०१४ पासून पालघर जिल्ह्यातली मुलेही असतात. डहाणू, तलासरीच्या आदिवासी पाड्यांवरून तरणीताठी पोरे हंगामात ओखा, पोरबंदर, मांगरोळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट मालकाची, जाळे मालकाचे, यांचे फक्त अंग. हेच ते पाडे, जिथे १९४५ पासून गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभारला. तेव्हा सावकाराच्या शेतात राबणाऱ्यांची नातवंडे आज दुसऱ्याच्या बोटीवर राबतात.

समुद्रात कुंपण नसते. कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटरची खाडी आहे. तिच्यातली हद्द कुठून धरायची यावर दोन्ही देशांचे एकमत नाही. खाडीची हद्द ठरत नाही म्हणून पुढच्या समुद्राचीही ठरत नाही. किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली, म्हणून बोटी सिंधू नदीच्या मुखाकडे सरकतात. रात्री प्रवाहाने बोट ओढली गेली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा पकडते. बोट जप्त होते आणि माणसे कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. तिकडचे मच्छीमार इकडे आले तर आपले तटरक्षक दल त्यांना पकडते आणि ते गुजरातच्या तुरुंगात बसतात. त्यांच्याही आया कराचीच्या इब्राहिम हैदरी वस्तीत आणि सिंधच्या किनाऱ्यावर वाट पाहतात.

संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचे कलम ७३ सांगते की, परक्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडले तर दोन देशांत तसा करार नसताना कैदेची शिक्षा देता येत नाही. दोन्ही देशांनी हा कायदा मान्य केला आहे. तरीही माणसे वर्षानुवर्षे आत राहतात.

इथे कराचीचे करामत अली यांचे काम आठवते. कारखान्यातल्या कामगार चळवळीतून घडलेला हा माणूस. १९८२ मध्ये त्यांनी साथीदारांसह 'पायलर' ही कामगारांच्या शिक्षणाची आणि संशोधनाची संस्था उभी केली. मुहम्मद अली शाह यांच्या पाकिस्तान फिशरफोक फोरमसोबत पायलरने भारतीय मच्छीमारांसाठी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०१० मध्ये शेकडो भारतीय मच्छीमार सुटले. विचार करा, कराचीची कामगार संघटना स्वतःच्या सरकारविरुद्ध कोर्टात उभी राहते, ती गुजरात आणि पालघरच्या हिंदू, आदिवासी, मुसलमान खलाशांसाठी! इकडे मुंबईत पत्रकार जतीन देसाई यांच्यासारखे फोरमचे कार्यकर्ते याद्या पडताळतात, मंत्रालयांना पत्रे लिहितात, घरच्यांना खबर देतात. करामत अली जून २०२४ मध्ये गेले.

कागद, लिपी आणि नाव

सुटका कुठे अडते? २००८ च्या करारात लिहिले आहे की, शिक्षा पूर्ण झाली आणि नागरिकत्वाची खात्री पटली की एका महिन्यात सोडावे. अडते ते या 'खात्री'पाशी. कैद्याने सांगितलेले नाव-गाव दिल्लीला येते, तिथून राज्याकडे, तिथून तालुक्याच्या पोलीस ठाण्यात. शिपाई घरी जाऊन चौकशी करतो आणि कागद परत त्याच वाटेने जातो.

दोन्ही लिपी शिकवणारी शिक्षिका म्हणून मला यातली एक बारीक अडचण स्पष्ट दिसते. उर्दूत 'ळ' नाही, 'ण' नाही. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. 'डहाणू'चे 'डहानू' होणार, 'काळू'चे 'कालू' होणार. 'वरठा' हे आडनाव उर्दूत लिहिले तर वाचणारा 'विरठा' किंवा 'वुरठा'ही वाचू शकतो. मग ते इंग्रजीत जाते आणि इंग्रजीतून पुन्हा मराठीत येते. माणूस तोच, पण कागदावर तिसराच. शाळेत आपण शुद्धलेखनाचा एक मार्क कापतो, तिथे त्याच चुकीपायी महिने जाऊ शकतात.

मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीत कैदेत असतानाच वारला. त्याची मय्यत घरी यायला सुमारे दीड महिना लागला. कराचीहून मृतदेह लाहोर, वाघा, अमृतसर असा देश ओलांडून येतो. जिवंत सुटलेलेही याच वाटेने येतात. लाहोरपर्यंतच्या प्रवासाला अनेकदा ईधी फाउंडेशन मदत करते, हातखर्चाला चार पैसे देते.

कैद्यांची विचारपूस करण्यासाठी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती २००७ मध्ये नेमली होती. हे न्यायाधीश प्रत्यक्ष तुरुंगात जाऊन भेटत, आजारी आणि शिक्षा संपलेल्यांना सोडा अशी शिफारस करत. २०१३ नंतर ही समिती बसलेली नाही. तिला पुन्हा उभे करा, ही शांतता कार्यकर्त्यांची जुनी मागणी आहे. तिला ना जमीन लागते, ना पैसा.

मग उपयोग काय झाला?

हा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. लाहोर बसनंतर कारगिल झाले. संवाद चालू असताना २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यात तिघे आपल्या शेजारच्या डोंबिवलीचे होते. ते दिवस आठवले की अजून काळजात कळ येते. पर्यटकांना वाचवू पाहणारा तिथला मुसलमान घोडेवालाही त्यातच गेला. मग मे महिन्यात चार दिवसांची लढाई झाली. अटारीचे फाटक बंद झाले, व्हिसे रद्द झाले. त्याआधी दोनच महिने, फेब्रुवारीत, पाकिस्तानने २२ भारतीय मच्छीमार सोडले होते.

मेणबत्त्या आणि अधिवेशने बंदुका थांबवू शकली नाहीत, हे मान्यच करायला हवे. दोन्ही देशांतल्या शांतता कार्यकर्त्यांनी पहलगामच्या हत्याकांडाचा निषेध केला. खुनी माणसाला शासन झालेच पाहिजे, यात दुमत नाही. अमन मागणे म्हणजे खुन्याला माफी मागणे नव्हे. पण खुन्याचा हिशेब तलासरीच्या खलाशाकडून किंवा इब्राहिम हैदरीच्या कोळ्याकडून वसूल करता येत नाही, एवढेच ही माणसे सांगत आली.

आणि मोठे थांबवता आले नाही तरी लहान कामे झाली. कैदी सुटले. कैद्यांचा प्रश्न विसरला गेला नाही. २०१२ च्या व्हिसा कराराने ६५ वर्षांवरच्या बुजुर्गांना पोलीस हजेरीतून सूट दिली. फोरमसारख्या संघटना व्हिसा सैल करण्याची मागणी वर्षानुवर्षे करत होत्या. म्हाताऱ्या बहिणीला म्हाताऱ्या भावाकडे चार दिवस बिनघोर राहता आले, तर ते लहान काम आहे का?

आपल्या घरांत पाकिस्तानचे नाव निघाले की आवाज आपोआप खाली येतो. मुले हे टिपतात. आपण इथले, या मातीचे, हे कुणाला सिद्ध करून दाखवायची गरज नाही, आणि कराचीत मामू आहेत हे लपवायचीही नाही. ॲडमिरल रामदास यांना जे मोठ्याने बोलायला संकोच वाटला नाही, ते आपण कुजबुजत का बोलावे?

आपल्या हातात काय आहे

भगिनींनो, चार गोष्टी आपण नक्की करू शकतो. ओळखीतले कुणी बोटीवर कामाला जात असेल तर त्याचे आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा दाखला आणि फोटो यांच्या प्रती घरी ठेवायला सांगा. बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक आणि मालकाचा फोन लिहून ठेवायला सांगा. कैदेत पडल्यावर हेच कागद नागरिकत्वाची साक्ष देतात. सर्व कागदांवर नावाची अक्षरे एकसारखी आहेत ना, हे आपल्या शिकलेल्या मुलीकडून तपासून घ्या. आणि ज्यांना उर्दू आणि मराठी दोन्ही येते, त्यांनी कैद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना पत्रे वाचायला, लिहायला वेळ द्यावा. हे हुनर आपल्या समाजात घरोघरी आहे आणि त्याची तिथे कमतरता आहे.

मुलांना वैद्य मास्तरांची शाळा सांगा, करामत अलींचा दावा सांगा. कराचीतल्या एका माणसाने डहाणूच्या मुलासाठी कोर्टाची पायरी चढली, हे त्यांनी टीव्हीवरच्या आरडाओरडीआधी ऐकलेले बरे. १ जानेवारीला पुन्हा दोन याद्या निघतील. अल्लाह करो, त्यातले आकडे कमी झालेले असोत.